‘सिंहासन’ आणि दिगूचे हसू

मागच्या महिन्यात शब्बाथ संपल्यावर मुलांना एकत्र बसवून आम्ही ‘सिंहासन’ हा मराठी चित्रपट पुन्हा पाहिला. तो १९७९ साली आला, तेव्हा आम्ही मुंबईत नर्सिंग शिकत होतो. त्या वेळी अरुण सरनाईक, डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांचा अभिनय तेवढा मनात भरला. या वेळी मात्र एक उणीव खटकली. तिच्याविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेसे वाटतात.

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांच्या खुर्चीवर अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांचा डोळा आहे. कामगार पुढारी डिकास्टा आपला डाव खेळतो आहे, आणि वार्ताहर दिगू टिपणीस हे सारे जवळून पाहतो आहे. येथे कोणी मिशीला पीळ देणारा खलनायक नाही. सभ्य दिसणारी माणसे गोड बोलतात आणि जनतेला दिलेला शब्द सहज विसरतात. चित्रपटाचा खरेपणा यातच आहे. पुढे काळानेही साक्ष दिली. सिमेंट वाटप आणि देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच महिन्यात डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरणगावातल्या पुष्कळ घरांची घडी त्यानंतर पुन्हा बसलीच नाही.

मग उणीव कोणती? चित्रपटात जनता आहे ती पटावरच्या सोंगट्यांसारखी. दुसऱ्याने हलवले तर हलते. खरा राग येतो तो एकट्या दिगूला, आणि त्या रागाचे शेवटी वेडे हसू होते. निळू फुले असे हसले आहेत की अंगावर काटा येतो. पण चित्रपट संपताच आमची धाकटी मुलगी म्हणाली, “बघ आई, सगळे चोरच. मी मत द्यायला जात नाही तेच बरे!”

दोष तिच्या एकटीचा नाही. या देशात एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ एवढ्या काळात पाच वेळा निवडणूक झाली. तीच आश्वासने पुन्हा पुन्हा ऐकून तरुण माणसे विटली, तर नवल काय?

तरीही तिचे बोलणे आम्हांला टोचले. जवळजवळ चाळीस वर्षे आम्ही वॉर्डात काढली. ताप आहे म्हणजे शरीर अजून झुंजते आहे, हे तिथे शिकलो. भीती वाटायची ती ताप एकाएकी उतरून अंग गार पडले की. लोकांचा राग हा असाच ताप आहे. दिगूचे हसू म्हणजे गार पडलेले अंग, आणि चित्रपट नेमका तिथेच थांबतो.

आपल्या समाजाचा अनुभव वेगळा आहे. १९६२ साली मुख्य रब्बींच्या मंडळाने लग्नापूर्वी बेने इस्राएलांच्या आईकडील पिढ्या तपासण्याचा हुकूम काढला. ज्यांना इथे मायभूमी म्हणून बोलावले, त्यांच्याच यहुदीपणाविषयी शंका! १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेमला ठिय्या देऊन बसली. आमची मावशी त्यांत होती. मागणी एकच होती : आम्ही इतरांसारखेच यहुदी आहोत, हे उघड सांगा. ऑगस्टमध्ये क्नेसेटने तसे जाहीर केले आणि त्या हुकुमातून आपले नाव निघाले. मावशी पुढे म्हणायची, “राग आम्हांलाही होता ग, पण तो कोणी एकट्याने गिळला नाही.”

चित्रपट म्हणजे आरसा, त्याच्याकडे औषध मागू नये, असे कोणी म्हणेल. ते मान्य आहे. ‘सिंहासन’चे रोगनिदान अचूक आहे, परंतु रोगी मेलाच असे गृहीत धरणे आम्हांला पटत नाही.

म्हणून चित्रपट जरूर पाहावा, मुलांनाही दाखवावा. मात्र तो संपल्याबरोबर त्यांना झोपायला धाडू नये. दिवा लावावा, चहा टाकावा आणि त्यांना १९६४ ची हकिकत सांगावी.