मार्शमॅलोचा प्रयोग : परीक्षा नक्की कोणाची?

बालमानसशास्त्रातले फार थोडे प्रयोग पालकसभेपर्यंत पोचतात. वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग त्यांपैकी एक. चारेक वर्षांच्या मुलासमोर मार्शमॅलो, म्हणजे साखर व जिलेटिनची मऊ, फुगीर गोळी ठेवायची. ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, थांबवले नाही तर मला बोलाव, मग एकच मिळेल,’ असे सांगून मोठ्या माणसाने बाहेर जायचे. जे मूल थांबते ते पुढे यशस्वी होते, असे याचे तात्पर्य सांगितले जाते. डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ सालच्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’ या पुस्तकातून ते दूरवर पसरले. शिक्षकांनी हे तात्पर्य तपासून घेणे आवश्यक आहे, कारण त्याच्या आधारे चार वर्षांच्या मुलावर ‘उतावळा’ असा शिक्का बसू शकतो.

मूळ प्रयोग १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. स्थळ होते स्टॅनफर्ड विद्यापीठाची बिंग बालशाळा. कोणते मूल चांगले आणि कोणते वाईट, हे ठरवणे हा त्यांचा हेतू नव्हता. कोणत्या परिस्थितीत मुलांना थांबणे सोपे जाते, हा मिशेल यांचा प्रश्न होता. १९७० साली एब्बेसेन यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर असताना मुले सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. दोन्ही नजरेआड असताना सुमारे अकरा मिनिटे! मुले त्याच शाळेतली, त्याच वयाची. फरक होता तो मांडणीत. पुढे १९७२ च्या प्रयोगांत असे दिसले, की खाऊऐवजी दुसऱ्या गमतीच्या गोष्टींचा विचार करायला सुचवले तरीही मुले बराच वेळ थांबू शकतात.

मग ‘यशस्वी आयुष्या’ची गोष्ट कुठून आली? मिशेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या मुलांचा पुढचा मागोवा प्रसिद्ध केला. थांबण्याचा वेळ आणि महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेतले गुण यांत चांगला सहसंबंध आढळला. मात्र तो एकाच मांडणीत होता : खाऊ समोर ठेवलेला आणि युक्ती सुचवलेली नाही. प्रयोगांत भाग घेतलेल्या ६५३ मुलांपैकी या मांडणीतली, गुण उपलब्ध असलेली मुले होती फक्त ३५. शिवाय बिंग शाळेत विद्यापीठातल्या प्राध्यापकांची आणि संशोधक विद्यार्थ्यांची मुले बरीच होती. एवढ्या लहान व एकसुरी नमुन्यावरून सर्व मुलांबद्दल नियम सांगता येत नाही. तशी सावधगिरीची सूचना संशोधकांनी स्वतःच दिली होती. ती मागे पडली.

वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी २०१८ साली अमेरिकेतल्या ९१८ मुलांची माहिती तपासली. यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या आयांनी महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केलेले नव्हते. या मुलांत थांबण्याचा पंधराव्या वर्षीच्या अभ्यासातल्या प्रगतीशी असलेला संबंध जुन्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास निघाला. कुटुंबाची परिस्थिती, घरातले वातावरण आणि मुलाची आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर तोही सुमारे दोन-तृतीयांशाने घटला. म्हणजे ज्याला आपण मुलाचा स्वभाव म्हणत होतो, त्यात घराची परिस्थितीही बरीच मोजली जात होती.

हे कसे घडत असावे? रॉचेस्टर विद्यापीठातल्या किड, पामेरी आणि अॅस्लिन यांचा २०१३ चा प्रयोग याचा एक धागा देतो. २८ मुलांना चित्रे काढायला बसवले. ‘थांबलात तर याहून छान साहित्य आणते,’ असे सांगितले. चौदा जणांना ते मिळाले. उरलेल्या चौदा जणांना ‘माफ करा, ते संपले’ असे ऐकावे लागले. असे दोनदा झाल्यावर मार्शमॅलो समोर ठेवला. दिलेला शब्द पाळला गेला ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, आणि शब्द मोडला गेला ती तीन मिनिटे. पूर्ण पंधरा मिनिटे थांबणारी पहिल्या गटात नऊ, दुसऱ्या गटात एक. प्रयोग लहान आहे, आणि मुलांच्या भवितव्याबद्दल तो काही सांगत नाही. पण ज्याने दोनदा फसवले त्याची तिसऱ्यांदा वाट न पाहणे हा उतावळेपणा नव्हे. तो अनुभवावरून काढलेला योग्य निष्कर्ष आहे.

गंमत म्हणजे, मिशेल यांना विश्वासाचे महत्त्व ठाऊक होते. खूण केली की प्रयोग घेणारी व्यक्ती खरोखर परत येते, हे मुलाला आधी करून दाखवले जाई. प्रयोगाची गोष्ट सांगताना नेमका हाच भाग गळतो. तसेच, थांबणे हे शिकता येणारे कौशल्य आहे, ते विधिलिखित नव्हे, असेच मिशेल यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडले.

तेव्हा घरी किंवा वर्गात लाडू ठेवून मुलांची परीक्षा घेऊ नये. त्याऐवजी दोन गोष्टी करता येतील. वाट पाहायला लावायचे असेल तर मोहाची वस्तू झाकून ठेवावी व मुलाला दुसरे काही करायला द्यावे. आणि एक छोटा प्रयोग स्वतःवर करावा : आठवडाभर मुलांना ‘नंतर देतो’, ‘उद्या मैदानावर नेतो’ असे जे जे सांगू, ते वहीत लिहावे आणि त्यांतले किती पाळले ते शनिवारी मोजावे. ज्या घरात हातावर पोट आहे, तिथे आईवडिलांना शब्द पाळणे अनेकदा परवडत नाही. त्या मुलाला निदान शाळेत तरी शब्द पाळणारे मोठे माणूस भेटायला हवे. मुलाच्या संयमाबद्दल मत बनवण्यापूर्वी वहीतले हे आकडे आपल्याजवळ असावेत.