वाफसा म्हणजे काय?

खाली एका मराठी शब्दाचे चार अर्थ देतोय. त्यातला एकच खरा आहे. गूगल न करता निवडा.

वाफसा :
१) मोदकपात्रात पाण्याच्या वर ठेवायची भोकांची ताटली.
२) पावसानंतर जमीन फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही, अशी पेरणीला योग्य अवस्था.
३) वाफारा घेताना डोक्यावरून घ्यायचं जाड कापड, विशेषतः बाळंतिणीसाठी.
४) लोहाराच्या भात्याचं हवा सोडणारं तोंड.

ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना हा प्रश्नच हास्यास्पद वाटेल. त्यांचं उत्तर दोन, आणि ते बरोबर आहे. बाकीचे तीन अर्थ मी बसल्या बसल्या रचले. शहरात वाढलेल्यांपैकी बरेच जण एक किंवा तीनवर गेले असतील, कारण शब्दात 'वाफ' समोरच दिसते. आणि तीनमधलं ते 'विशेषतः बाळंतिणीसाठी' मी मुद्दाम टाकलंय. इतका तपशील कोणी उगाच कशाला देईल, असं आपल्याला वाटतं. गळ तिथेच आहे.

हा खेळ इंग्रजीत जुना आहे. 'फिक्शनरी' किंवा नुसता 'डिक्शनरी गेम' म्हणतात त्याला. एकाने शब्दकोशातून कोणालाच माहीत नसलेला शब्द काढायचा, बाकीच्यांनी त्याचे खोटे अर्थ चिठ्ठीवर लिहायचे, मग खऱ्या अर्थासकट सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि मतदान. खरा अर्थ ओळखला तर गुण. तुमच्या खोट्या अर्थाला मत पडलं तरी गुण. बीबीसीवर १९६५पासून 'कॉल माय ब्लफ' नावाने याचा टीव्ही कार्यक्रम झाला. १९८४मध्ये कॅनडात 'बाल्डरडॅश' हा त्याचा डब्यातला अवतार आला.

सगळे याला शब्दसंग्रह वाढवणारा खेळ म्हणतात. मला ते पटत नाही. रात्रभर खेळूनही सकाळी एकही शब्द लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती भाषेची ढब. हा खेळ शैलीचा आहे.

आमच्या ग्रुपमध्ये पहिल्या फेरीत सगळे विनोद करतात. लोक हसतात, मत कोणी देत नाही. दुसऱ्या फेरीत विनोद कमी होतात. तिसऱ्या फेरीपर्यंत प्रत्येकाला कळलेलं असतं की जिंकायचं तर कंटाळवाणं लिहायला हवं. अर्धविराम हवा. कंसात 'कोकणात' किंवा 'जुन्या दस्तऐवजांत' हवं. कर्ता गायब हवा. एका अर्थाने प्रत्येक जण कोशकाराची नक्कल करायला शिकतो आणि त्याच वेळी एक अस्वस्थ करणारी गोष्टही शिकतो : आपण खरं काय ते मजकुरावरून ओळखत नाही, सुरावरून ओळखतो. कितीदा तरी खरा अर्थच सगळ्यात अचाट असतो आणि त्याला एकही मत पडत नाही.

या सुराला खुद्द कोशही फसलेत. १९३४च्या वेबस्टरच्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' असा शब्द छापला गेला, अर्थ घनता. असा शब्द मुळात नव्हताच. घनतेसाठी मोठा किंवा छोटा 'डी' हे संक्षेप वापरतात, अशी एक चिठ्ठी होती. 'डी ऑर डी' ही अक्षरं चुकून एक शब्द म्हणून वाचली गेली. पाच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. १९३९मध्ये एका संपादकाला दिसलं की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही. म्हणजे शब्दाला अर्थ होता, पण घरदार नव्हतं.

दुसरं उदाहरण जाणूनबुजून केलेलं. 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'च्या २००१च्या आवृत्तीत 'एस्क्विव्हॅलियन्स' हा बनावट शब्द पेरला होता. अर्थ साधारण असा, की नेमून दिलेलं काम मुद्दाम टाळणं. दुसऱ्या कोणी आपला कोश जसाच्या तसा उचलला तर चोरी पकडता यावी म्हणून लावलेला हा सापळा. २००५मध्ये ते उघड झालं. मला यातली गंमत अशी वाटते, की कोशाचा खरेपणा राखायला कोशात एक खोटं ठेवावं लागलं.

आता हाच खेळ आपल्या फोनवर रोज चालतो, फक्त मतदान होत नाही. 'न्यूज' हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आला, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. तो खोटा आहे. शब्द 'न्यू', म्हणजे नवं, यावरूनच आलाय. पण फॉरवर्डचा सूर पक्का असतो. आता तर चॅटबॉटकडून हा सूर हवा तेवढा फुकट मिळतो. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे एवढं सांगू शकतो, की वाक्य बरोबर 'वाटणं' आणि बरोबर 'असणं' ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं फार स्वस्त झालंय.

या खेळाचा एक प्रामाणिक चुलतभाऊ आहे. डग्लस अ‍ॅडम्स आणि जॉन लॉइड यांचं १९८३चं पुस्तक 'द मीनिंग ऑफ लिफ'. त्यांनी खऱ्या गावांची नावं घेतली आणि ज्या अनुभवांना शब्दच नाहीत ते त्यांना चिकटवले. मराठीत करायचं तर, कळवा : 'पोहोचलास की कळव' म्हणणाऱ्याला न कळवताच झोपी जाणं. इथे कोणी फसत नाही. फिक्शनरीत शब्द असतो आणि अर्थ लपवलेला असतो; लिफमध्ये अर्थ आधीपासून आपल्या सगळ्यांकडे असतो, शब्द नसतो. वाचायला मला लिफ जास्त आवडतं. पण खेळायला फिक्शनरीच, कारण फसल्याशिवाय कान तयार होत नाही.

तरी फिक्शनरीचा एक नियम मराठीत मला खटकतो. एखाद्याला शब्द माहीत निघाला तर त्याने तसं सांगायचं आणि तो शब्द बाद करायचा. इंग्रजीत हे चालून जातं, कारण तिथे निवडले जाणारे कित्येक शब्द आता कोणाच्याच तोंडी नसतात. आम्ही मोल्सवर्थचा १८५७चा आणि दाते-कर्वे यांचा कोश घेऊन बसतो. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तिथे वेगळंच घडतं. पाच-सहा जिल्ह्यांतली माणसं एकत्र बसली, की सगळ्यांनाच अनोळखी असा शब्द पटकन सापडत नाही. 'रोवळी' काढली तर एकजण म्हणतो, आमच्याकडे आजी तांदूळ त्यातच धुते. 'वैल' काढला तर चुलीशेजारची ती जागा कोणीतरी हाताने काढून दाखवतं. 'चाडं' काढलं की ज्याच्या वडिलांनी पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून पेरलंय, तो नुसता आपल्याकडे बघतो.

म्हणजे ज्याला आपण दुर्मीळ शब्द म्हणतो, तो बहुतेक वेळा दुर्मीळ नसतो. आपण त्याच्यापासून लांब आलेलो असतो. आणि नियमाप्रमाणे, ज्याला तो खरोखर येतो त्याचं ज्ञान खेळाचा विचका ठरतं. शाळेत ज्या मुलांना 'गावठी बोलू नको' असं ऐकवलं गेलं, त्यांना पुन्हा एकदा गप्प बसवायचं, तेही गंमत म्हणून.

म्हणून आम्ही नियम उलटा केला. शब्द माहीत असेल त्याने आधी गप्प राहायचं, मतदान होऊ द्यायचं आणि शेवटी तो शब्द घरी जसा बोलला जातो तसा एका वाक्यात वापरून दाखवायचा. त्याला सगळ्यात जास्त गुण. 'वाफसा'च्या वेळी लातूरकडच्या मित्राने सांगितलेलं वाक्य साधं होतं : "काल लई पडलाय, दोन दिस थांबू, वाफसा येऊ दे."

असं वाक्य चिठ्ठीवर रचता येत नाही असं नाही, पण कोणी "मग कोणत्या रानात? काय पेरणार?" असं विचारलं की रचणारा अडकतो आणि बोलणारा पुढे बोलत राहतो. 'डॉर्ड'जवळ हेच नव्हतं. व्याख्येचा सूर कोणालाही उचलता येतो. शब्दाने घालवलेले दिवस उचलता येत नाहीत.

पुढच्या वेळी कोणी एखाद्या शब्दाचा झोकदार अर्थ पाठवला, तर अर्थ बरोबर का ते नंतर बघा. आधी विचारा, हा शब्द कोण बोलतं आणि कधी.