डब्याच्या झाकणाची समीक्षा

आमच्या समीक्षकांनी काय काय म्हणून वाचलं नाही! पण डबेवाल्याच्या डब्याचं झाकण मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं. मालाड स्टेशनाबाहेर रचलेले डबे पाहा. झाकणावर रंगाने काढलेली दोन-चार अक्षरं, दोन-चार आकडे: डबा निघाला कुठून, उतरवायचा कुठे, इमारत कुठली, मजला कितवा. बस्स. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेल्या या धंद्यातली माणसं करोनानंतर बरीच रोडावली, पण भाषा शाबूत आहे.

या भाषेचा थोर गुण म्हणजे तिचं दारिद्र्य. तिच्यात प्रेमपत्र लिहिता येत नाही, शिवी देता येत नाही आणि ‘येताना खुंटीवरच्या कोटातलं पाकीटही घेऊन या’ असा हुकूम तर मुळीच सोडता येत नाही. शब्दच नाहीत!

माइंडस्पेसमध्ये संगणकाची नोकरी करणारा आमचा भाचा म्हणाला, “मामा, याला डोमेन-स्पेसिफिक लँग्वेज म्हणतात.” म्हणजे एका कामापुरती भाषा. जिच्यात काहीही लिहिता येतं, तिच्यात चोरालाही काहीही लिहिता येतं. म्हणून भाषाच अपुरी ठेवायची. आणि अशी भाषा सुरक्षित, हे त्याचं ठाम मत.

मला ते अर्धंच पटतं. एसक्यूएल घ्या. माहितीच्या कोठाराशी बोलण्यापुरतीच ती भाषा. पण भामटा नावाच्या रकान्यात नावाऐवजी हुकूम लिहितो, प्रोग्राम तो वाक्यात चिकटवतो आणि कोठार इमानेइतबारे उघडतं. ही युक्ती १९९८ पासून छापून आलेली आहे. उपायही ठाऊक आहे: हुकूम वेगळा पाठवायचा, नाव वेगळं. डबेवाला झाकण वाचतो. आतली भेंडी कोणी पत्ता म्हणून वाचत नाही.

सॉलिडिटी तर खास करारांसाठी घडवलेली. तरी २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाच्या निधीतून सुमारे ३६ लाख ईथर सरकवले गेले, कारण खात्यातून रक्कम वजा होण्याआधीच पुन्हा पुन्हा पैसे मागता येत होते. उलट बिटकॉइनच्या व्यवहारभाषेत ‘पुन्हा कर’ असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही. जाणूनबुजून.

भाच्याला हे ऐकवलं. तो जरा गप्प झाला. त्यांच्या हापिसातही अशी एक इवलीशी भाषा आहे म्हणे. फक्त दर दिवाळीला साहेब तिच्यात एक नवं क्रियापद घालतात.