गाँडोलिन : आश्रयाचा मोह

अद्भुतकथेवर पलायनवादाचा आरोप नेहमीच होतो. टोल्कीनच्या गाँडोलिनकथेपुढे तो टिकत नाही. १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतल्यावर त्याने लिहिलेली ही कथा, १९७७ च्या ‘सिल्मरिलियन’मधील संक्षिप्त रूपातही, आश्रयाचीच परीक्षा घेते. पर्वतवलयात दडलेली ही एल्फ या अमर वंशाची नगरी. आत आलेल्यास बाहेर पडण्याची मनाई. नगर सोडण्याचा जलाधिपती उल्मोचा निरोप ट्यूऑर आणतो. पण स्वनिर्मित सौंदर्यात गुंतलेला राजा टर्गॉन तो अव्हेरतो. पुढे त्याचा भाचा मेग्लिन फितूर होतो खरा. परंतु विनाशाचे बीज राजाच्या आसक्तीतच असते. वाचतात ते राजकन्या इड्रिलने गुपचूप खोदविलेल्या भुयारातून निसटलेले थोडेच. सुंदर आश्रयात रमणे हाच जिथे दोष ठरतो, त्या कथेस पलायनवादी कसे म्हणावे?