जलाशयांतील अन्नजाळ्यांची प्रतिमाने : एक चिकित्सा

मराठवाड्यातील जलाशयांवरील प्रबंधिका चाळल्या असता एक ठरावीक मांडणी दृष्टीस पडते. तापमान, सामू व विरघळलेला प्राणवायू यांचे मासिक तक्ते, त्यामागून प्लवक व मत्स्य यांच्या जातींच्या याद्या, आणि शेवटी विविधता समाधानकारक असल्याचा निर्वाळा. कोण कोणास खातो, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातील सीडर बॉग सरोवराच्या अभ्यासातून परिसंस्थेचा विचार ऊर्जाप्रवाहाच्या भाषेत मांडला तो १९४२ साली. आपण अद्याप याद्याच करीत आहोत.

या पार्श्वभूमीवर 'इकोपाथ' या प्रतिमानाकडे अभ्यासकांचा वाढता ओढा स्वागतार्ह होय. पोलोविना यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धती क्रिस्टेन्सन व पॉली यांनी विकसित केली. फिरोज खान व प्रीता पणिक्कर यांनी २००९ मध्ये तामिळनाडूतील केलवरपल्ली जलाशयातील परकीय माशांचे परिणाम तिच्याच साहाय्याने तपासले. तथापि ही पद्धती आपल्या जलाशयांस जशीच्या तशी लागू करणे कितपत युक्त आहे?

प्रत्येक गटाचे उत्पादन हे भक्षण, मासेमारी, स्थलांतर, साठ्यातील बदल व अन्य मृत्यू यांच्या बेरजेइतके असते, हे तिचे मूळ समीकरण. साठ्यातील बदलास त्यात जागा आहे. व्यवहारात मात्र तो बहुधा शून्य धरला जातो. धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा जलाशयाची वार्षिक सरासरी काढणे म्हणजे न घडलेल्या वर्षाचे वर्णन करणे होय. पाणी आटताच मासे संपतात, परंतु अनेक प्राणिप्लवकांची सुप्त अंडी गाळात तग धरतात. पुढील पावसाळ्यातील अन्नजाळे त्यांच्यापासून नव्याने उभे राहते. शिवाय उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. त्या पिकांचे अवशेष पाण्याखाली जाऊन कुजतात. हा सेंद्रिय पुरवठा कोणत्या रकान्यात मांडावयाचा, याचा विचार परदेशी उदाहरणांत सापडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यांची बोटुकली बाहेरून आणून सोडली जाते. ही आवक स्वतंत्रपणे न मांडल्यास जलाशयाची उत्पादकता फुगलेली दिसते. मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्यासाठी भरावयाची रक्कम अशा अंदाजावर ठरू लागली, तर आकड्यातील चूक त्यांच्या ताटापर्यंत पोहोचेल.

आहाराचा तक्ता दुसऱ्या जलाशयावरून उसना घ्यावयाचा आणि एखाद्या गटाचा वापर त्याच्या उत्पादनाहून अधिक भरला, की तो एकाखाली येईपर्यंत आकडे सरकवावयाचे, हीही प्रथा रूढ होऊ पाहते. प्रतिमान संतुलित झाले म्हणजे पडताळले गेले, असे नव्हे.

करडखेडसारख्या मध्यम प्रकल्पावर काम करणाऱ्याने प्रथम मरळ, वाम व चिलापी यांच्या जठरातील अन्न ऋतुवार तपासावे, सोडलेल्या बोटुकलीची व पकडलेल्या माशांची नोंद संस्थेच्या वहीतून घ्यावी आणि पावसाळा, हिवाळा व उन्हाळा यांची प्रतिमाने पृथक् मांडावीत. त्यासाठी संगणकाआधी तराजू, जाळे आणि सूक्ष्मदर्शक लागतो.