नाव सांगा, मग बोला!

मुलांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यावर टीका करायला बसणे म्हणजे भर आरतीत भटजींचे उच्चार दुरुस्त करण्यासारखे आहे. चुका खऱ्या असल्या तरी आजूबाजूच्या नजरा आपल्याकडेच वळतात. ‘मुलांचे भले व्हावे असे तुम्हांला वाटत नाही काय?’ हा प्रश्न कोणी तोंडाने विचारीत नाही. पण तो हवेत असतोच. त्यामुळे अशा कायद्यांची स्तुती लवकर होते, वाचन मात्र उशिरा. इंग्लंडने २०२३ साली असा कायदा केला आणि जुलै २०२५ पासून, मुलांना अपायकारक असा मजकूर दाखवण्यापूर्वी पाहणाऱ्याचे वय तपासून घेण्याची सक्ती सुरू केली. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा संमत करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्याची बंदी केली. ती न पाळणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. आपल्याकडचा कायदा २०२३ चा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

हे कायदे काही रिकामटेकड्या लोकांना सुचलेले नाहीत, हे आधीच मान्य केले पाहिजे. २०१७ साली लंडनमधल्या चौदा वर्षांच्या एका मुलीने स्वतःचे जीवन संपवले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२२ साली निर्णय दिला तो असा की, समाजमाध्यमांवर तिच्यापुढे येत राहिलेल्या मजकुराचाही या मृत्यूत वाटा होता. ‘येत राहिलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. तो सगळाच मजकूर काही तिने शोधून काढलेला नव्हता. एकदा नजर ठरली म्हणून यंत्र तसलेच आणखी वाढीत गेले. हा दोष कोणाचा? वाढणाऱ्याचा. नाव लपवून बोलणाऱ्या कोणा तिऱ्हाईताचा नव्हे. परंतु कायदे करणाऱ्यांची नजर वाढप्याकडून हळूहळू पंगतीत बसलेल्यांकडे वळली, आणि येथूनच माझे त्यांच्याशी भांडण सुरू होते.

कारण साधे आहे. मूल कोण हे ओळखायचे, तर मूल नसलेल्यालाही ओळखावे लागते. दारावरचा रखवालदार ‘लहान मुलांना आत सोडू नका’ एवढाच हुकूम घेऊन उभा असेल, तर तो डोळ्यांनी पाहूनच काम भागवतो. ऐंशी वर्षांच्या आजोबांना तो जन्मदाखला मागत नाही. इंटरनेटच्या दारावरच्या रखवालदाराला डोळे नाहीत. म्हणून तो आजोबांनाही चेहरा दाखवायला सांगतो, ओळखपत्र मागतो, आणि मुख्य म्हणजे त्याची प्रत कोणाच्या तरी कपाटात जाऊन पडते. ती कपाटे किती भक्कम असतात? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीने कळवले की, तिचे काम करणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेकडून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे चोरांच्या हाती लागली असण्याचा संभव आहे. वयाबद्दलच्या तक्रारी मिटवण्यासाठीच ती मागवलेली होती.

‘सज्जनाला नाव लपवण्याची गरज काय?’ असे येथे कोणी म्हणेल. हा प्रश्न मराठी वाचकाने तरी विचारू नये. १८४८ साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येऊ लागली, तेव्हा ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. तरीही लोकहितवादींचे उदाहरण मला पुरेसे वाटत नाही. ते पुरुष होते, आणि जातीतला व समाजातला मान हाती असलेले पुरुष होते. खरे उदाहरण १९३३ चे. त्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने बाहेर आला. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु लग्नाच्या बाजारात अडकून पडलेल्या मुलींच्या मनात काय चालते ते त्यात इतक्या उघडपणे आले होते की, मराठी समाजात एकच गदारोळ उडाला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. हे लिहिणारी बाई आहे की बाईच्या नावाआड दडलेला बुवा आहे, यावरही तर्क चालले. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या लेखिकेचे खरे नाव त्या दिवशी मुखपृष्ठावर असते, तर चर्चा पुस्तकाची झालीच नसती. ती मालतीबाईंची झाली असती.

येथे एक बारकावा आहे. विभावरीचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. प्रकाशक ह. वि. मोटे यांना ते ठाऊक होते आणि त्यांनी ते जपले. म्हणजे टोपणनाव हे बंद पाकीट असते. रिकामे पाकीट नसते. त्या पाकिटाचा राखणदार एक माणूस होता, लेखिकेने स्वतः निवडलेला, आणि गुपित फुटले असते तर त्याचीही अब्रू गेली असती. आज हेच पाकीट ज्या कंपन्यांकडे द्यायचे, त्यांना कोट्यवधी पाकिटांपैकी एकाचे काय होणार आहे? दंड भरतील आणि पुढच्या कामाला लागतील.

उलट बाजूही सांगतो. चौदा वर्षांच्या मुलीशी चौदा वर्षांचा मुलगा म्हणून गोड बोलणारा चाळिशीचा लुच्चा याच पाकिटाच्या आड बसतो. तो काल्पनिक नाही. परंतु त्याला हुडकून काढायला देशातल्या प्रत्येकाचे ओळखपत्र गोळा करण्याची गरज नसते; गुन्हा घडल्यावर त्या एकाचे पाकीट रीतसर फोडण्याची गरज असते. आपल्याकडे तर सिमकार्ड घेतानाच माणसाला ओळख द्यावी लागते. बहुतेक पाकिटे आधीच सरकारदरबारी पोचण्याजोगी आहेत. कमी आहे ती तपास करणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या चिकाटीची. नवा कायदा काही ती पुरवत नाही.

आणि नाव उघड ठेवून बोलल्याने काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. हा बंद कशासाठी, अशा अर्थाचे चार शब्द पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. दुसरीने त्याला नुसती पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते ६६-अ कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले, हे खरे. पण त्या दोन मुलींनी स्वतःच्या नावानेच लिहिले होते, हे विसरता येत नाही. ती हकीकत वाचून पुढच्या मुलीने टोपणनाव घेतले असेल, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

सक्तीच्या खऱ्या नावाचा प्रयोग दक्षिण कोरियाने पुरता करून पाहिला आहे. तेथे शिवीगाळ आणि बदनामी थांबावी म्हणून २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहिण्यापूर्वी ओळख पटवणे भाग केले. २०११ मध्ये एकाच कंपनीकडून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. त्या देशाची लोकसंख्या सुमारे पाच कोटी, यावरून कल्पना यावी! ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटनापीठाने एकमताने तो कायदा रद्द केला. बेकायदा मजकूर फारसा घटला नव्हता. लोक मात्र परदेशी संकेतस्थळांकडे निघून गेले होते. त्याच देशाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळ खेळू न देण्याचा कायदाही केला होता. मुलांनी आईवडिलांचे क्रमांक वापरायला सुरुवात केली. दहा वर्षांनी तो कायदाही गुंडाळण्यात आला. वडिलांच्या खिशातून चार आणे काढणारी आपली पिढी या मुलांवर रागावणार तरी कशी?

आता आपला कायदा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नववे कलम मुलांविषयी आहे, आणि एकाच कलमात दोन निरनिराळ्या बुद्धीची माणसे लिहायला बसली होती की काय असे वाटते. एक म्हणते : मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवू नका, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती सोडू नका. हे वाक्य उत्तम आहे. ते वाढप्याचा हात धरते. दुसरे म्हणते : अठरा वर्षांखालील प्रत्येकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले आणि या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. शाळा, दवाखाने वगैरेंना काही सवलती आहेत. चूक झाल्यास दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत.

आठ वर्षांच्या मुलासाठी ही संमती योग्यच आहे. दिवाळीच्या सुटीत फराळाच्या ताटाशेजारी मोबाइल घेऊन बसलेल्या नातवाला पाहून तर ती थोडी अपुरीच वाटेल! पण हा कायदा आठ आणि सतरा यांत भेद करीत नाही. सतराव्या वर्षी मुलगी महाविद्यालयात असते, वृत्तपत्रे वाचते, पुढच्या वर्षी मत देणार असते. तिला आपल्या मनातली शंका परक्या पण समजूतदार माणसाला विचारायची असेल, आणि ती शंका घरातल्याच कोणाच्या वागण्याविषयी असेल, तर कायदा तिला सांगतो : आधी घरच्यांना विचार. मुलांवरचे अत्याचार ओळखीच्या माणसांकडूनच अधिक होतात, हे या विषयात काम करणारा कोणीही सांगेल. पालक म्हणजे रक्षक हे समीकरण बहुतेक घरांत खरे असते. कायदा बहुतेक घरांसाठी लागतच नाही. तो उरलेल्या घरांसाठी लागतो.

मुदत संपण्यापूर्वी दुरुस्ती करायचीच झाली, तर संमतीचे वय तेरा-चौदावर आणावे, वय पडताळल्यावर कागद ठेवू नये अशी अट घालावी, आणि जाहिराती व पाळतीविषयीचे वाक्य आहे तसेच, किंबहुना अधिक कडक करून ठेवावे. कंपन्या पहिल्या दोन गोष्टींना आनंदाने मान डोलावतील. खळखळ होईल ती तिसऱ्या गोष्टीला.