हेइआन राजधानी आणि चोमेईची मोजणी

अरण्यांत झोपडी बांधून राहिलेल्या कोणा कवीचें पुस्तक हातीं आलें, कीं इंग्रजी विद्येवर पोसलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास तत्काळ वर्ड्स्वर्थ आठवतो. कामो नो चोमेई या जपानी ग्रंथकाराच्या 'होजोकी'चें असेंच झालें आहे. १८९१ सालीं तोक्योच्या विद्यापीठांतील इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स मेन डिक्सन यांनीं आपल्या एका विद्यार्थ्याकडून या चिमुकल्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर करवून घेतलें. तो विद्यार्थी म्हणजे पुढें जपानचा अग्रगण्य कादंबरीकार म्हणून गाजलेला नात्सुमे सोसेकी. गुरु-शिष्य दोघांनींही चोमेईस वर्ड्स्वर्थच्या शेजारीं नेऊन बसविलें. आम्हींही वर्गांत कित्येक वर्षें तेंच केलें. निसर्गाच्या मांडीवर विसावलेला विरक्त, एवढीच त्याची ओळख आम्ही करून देत असूं. अलीकडे तो ग्रंथ पुन्हा सावकाश वाचला, आणि आपण विद्यार्थ्यांची दिशाभूल केली असें वाटूं लागलें. प्रस्तुत लेख हें त्याचें प्रायश्चित्त समजावें.

'होजोकी' म्हणजे दहा फूट चौरस झोपडीची हकीकत. पण ही झोपडी येते ती जवळजवळ अर्धें पुस्तक संपत आल्यावर. तोंवर चोमेई बोलतो तें अरण्याविषयीं नव्हे, तर हेइआन-क्यो या राजधानीविषयीं, म्हणजेच आजच्या क्योतोविषयीं. हा पूर्वार्ध वैराग्याची प्रस्तावना म्हणून घाईनें उरकण्याची रीत आहे. आमच्या मतें तोच ग्रंथाचा प्राण होय; आणि राजधानीचा थोडा पूर्वेतिहास ठाऊक असल्यावांचून तो नीट कळत नाहीं.

सम्राट कम्मू यानें ७९४ सालीं ही नगरी वसविली. तत्पूर्वीं ७१० पासून ७८४ पर्यंत नारा येथें राजधानी होती. तेथून ती नागाओका येथें हलविली. पण पुढच्याच वर्षीं बांधकामाचा प्रमुख फुजिवारा नो तानेत्सुगु याचा खून झाला. त्या कटाचें बालंट सम्राटाचा सख्खा भाऊ राजपुत्र सावारा याच्यावर आलें, आणि हद्दपारीच्या वाटेवर अन्नत्याग करून त्यानें प्राण सोडला. पुढें राजघराण्यांत एकामागून एक मृत्यु झाले, रोगराई आली. ही सारी त्या राजपुत्राची बाधा, असें ठरलें. दहा वर्षांत नागाओका सोडावी लागली. नव्या जागेस नांव दिलें हेइआन, म्हणजे शांति आणि स्वास्थ्य. भावाच्या भुताला भिऊन निघालेल्या राजानें ठेवलेलें हें नांव आहे, हें क्योतोचे गोडवे गाणारे बहुधा विसरतात.

नगरीची आंखणी चीनच्या चांगआन नगराच्या कित्त्यावर केली होती. पूर्व-पश्चिम सुमारें साडेचार किलोमीटर, दक्षिणोत्तर सव्वापांच; उत्तरेस राजवाडा; त्याच्या दारापासून थेट दक्षिणेस जाणारा सुझाकु नांवाचा राजमार्ग, रुंदी सुमारें ८४ मीटर; आणि त्याच्या टोकाशीं राशोमोन हा महाद्वार. बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते, आणि राजमार्गाच्या दोन्ही अंगांस दोन सारख्या नगरार्धांची योजना. कागदावर सारें चोख! परंतु पश्चिमेची जमीन दलदलीची निघाली. योशिशिगे नो यासुताने यानें ९८२ सालीं लिहिलेल्या 'चितेइकी' या निबंधांत पश्चिमार्ध कसा ओस पडत चालला आहे याचें वर्णन आहे. चोमेईनें आपल्या ग्रंथाचा घाट बेतला तो याच निबंधावरून. राशोमोन ९८० च्या वादळांत कोसळला, तो पुन्हा कोणी उभारलाच नाहीं.

अशा अर्ध्या उरलेल्या राजधानींत चोमेई जन्मला. त्याचा पिता शिमोगामो देवस्थानाचा मुख्य अधिकारी. पिता लवकर वारला, वंशपरंपरेनें यावें असें पद हातचें गेलें. सम्राट गो-तोबाच्या काव्यमंडळांत मान मिळाला तरी ती सल राहिलीच असावी. पन्नाशीच्या सुमारास त्यानें घर सोडलें आणि १२१२ सालीं हिनोच्या डोंगरांत बसून हा ग्रंथ लिहिला. आठवणी मात्र तारुण्याच्या. ११७७ ची आग एका रात्रींत राजधानीचा तिसरा हिस्सा खाऊन गेली. राज्याभिषेक होत तें दाइगोकुदेन सभागृह तींत जळालें तें कायमचेंच. ११८० च्या वसंतांत वावटळ. आणि त्याच वर्षीं उन्हाळ्यांत राजधानीच उचलून समुद्रकांठीं फुकुहारा येथें, आजच्या कोबे शहराच्या जागीं, नेण्याचा हुकूम. लोकांनीं घरें मोडलीं, त्यांचें लांकूड योदो नदींतून खालीं सोडलें, आणि राहत्या जागेचीं डोळ्यांदेखत शेतें झालीं. चोमेई स्वतः फुकुहारा पाहून आला. जुनी राजधानी उजाड, नवी अजून उभी नाहीं, अशी त्याची तक्रार आहे. हिवाळ्यांत दरबार परत फिरला. पण मोडलेलीं घरें कांहीं पूर्ववत् झालीं नाहींत. तख्त दिल्लीहून दौलताबादेस आणि पुन्हा दिल्लीस हलविणाऱ्या महंमद तुघलकाची कथा ज्यांनीं शाळेंत वाचली, त्यांस हें प्रकरण अनोळखी वाटूं नये.

परंतु या पुस्तकांतील जी जागा आम्हांस सोडीत नाहीं, ती ११८१-८२ च्या दुष्काळाची. राजधानी स्वतः कांहीं पिकवीत नाहीं, तिचें सारें जगणें खेड्यांवर चालतें, हें चोमेई प्रथमच सांगून टाकतो. मग तो सरपणाच्या बाजारांत जातो. तेथें विकावयास आलेल्या लांकडांत रंगाचे आणि सोनेरी वर्खाचे तुकडे दिसतात. चौकशी करतां कळतें, कीं भुकेलेले लोक देवळांत शिरून बुद्धमूर्ति फोडून आणीत आहेत. दोघांत ज्याची माया अधिक तो आधीं मरे, कारण मिळालेला घास तो दुसऱ्यास देई, हेंही निरीक्षण त्याचेंच.

याच वेळीं निन्नाजी मठाचा र्‍यूग्यो नांवाचा भिक्षु रस्त्यांतून हिंडत होता. दिसेल त्या प्रेताच्या कपाळावर तो एक अक्षर लिही, आणि मृतांची मोजणी ठेवी. तें अक्षर 'अ'. चिनी नव्हे, जपानीही नव्हे. आपलें 'अ', सिद्धम् लिपींतलें. कूकाई हा आचार्य ८०६ सालीं चीनहून परतला, त्यानें आणलेल्या मंत्रपंथांत या अकारास आदि नसलेल्या तत्त्वाची खूण मानतात. गीतेनें विभूतींत ज्याची गणना केली, ज्या लिपीच्या नांवाचा अवशेष आमच्या आजोबांच्या पाटीवर 'ओनामासीधं' म्हणून उरला होता, तें अक्षर एका दूरच्या राजधानीच्या गटारांकांठीं पडलेल्या बेवारस कपाळांवर उमटावें! आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलों, हें सांगण्यांत संकोच वाटत नाहीं.

दोन महिन्यांची बेरीज ४२,३०० हून अधिक झाली. येथें वर्ड्स्वर्थ-भक्तांनीं थांबून पाहावें. चोमेई नुसता आंकडा देत नाहीं, सीमा देतो: उत्तरेस पहिला मार्ग, दक्षिणेस नववा, पूर्वेस क्योगोकु, पश्चिमेस सुझाकु. म्हणजे कम्मूच्या आंखणीचा बरोबर पूर्वार्ध! पश्चिमार्ध मोजणीच्या बाहेर. नदीकांठ, शिराकावा वगैरेंबरोबर तो केवळ आसपासचा मुलूख म्हणून येतो. चारशें वर्षांत राजधानीचें काय झालें, हें कोणत्याही बखरीपेक्षां या चार नांवांत अधिक स्पष्ट लिहिलें आहे. ज्यानें संसार सोडला म्हणतात, त्याला तीस वर्षांनंतर डोंगरांत बसून ही हद्द आणि हा आंकडा तोंडपाठ आहे. याला आम्ही विरक्ति म्हणावयास तयार नाहीं.

तथापि ग्रंथांत एक मोठें वैगुण्य आहे, आणि तें झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ११८० ते ११८५ या वर्षांत ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांचें घनघोर युद्ध चाललें होतें. चोमेई त्याबद्दल अक्षर काढीत नाहीं. फुकुहाराचा हुकूम ज्याचा, त्या ताइरा नो कियोमोरीचें नांवही नाहीं. प्राचीन राजे प्रजेच्या चुलींचा धूर विरळ दिसतांच कर माफ करीत, एवढा टोमणा मारून तो पुढें जातो. दुष्काळांत अवर्षण होतें हें खरें, पण प्रांतांतून येणारी रसद तोडली ती माणसांनीं. आग, वारा आणि ११८५ चा भूकंप यांच्याच पंक्तीस दुष्काळ बसविल्यामुळें माणसांचा अपराध दैवाच्या नांवावर जमा झाला. हें भीतीनें झालें कीं धर्मदृष्टीनें, याचा निवाडा ग्रंथावरून होत नाहीं. शेवटीं तो स्वतःस विचारतो, कीं या झोपडीवरची माया हाही मोहच नव्हे काय? आणि उत्तर न देतां बुद्धाचें नांव दोनतीनदां घेऊन लेखणी ठेवतो. तेव्हां आम्हांस वाटतें, कीं झोपडीची माया त्याला कबूल करवली. राजधानीची करवली नाहीं.

मराठींत या ग्रंथाचें भाषांतर करणारांस आमची एक विनंती आहे. झोपडीचें चित्र मुखपृष्ठावर खुशाल घालावें, पण आंत प्रथम हेइआन-क्योचा नकाशा छापावा, आणि त्यांत तो पूर्वार्ध वेगळ्या रंगानें दाखवावा.